प्रोजेक्ट संपतो, घाट उरतो

कॉलेजात जाणारं कुणी नात्यात असेल, तर हा संवाद तुमच्याकडेही कधीतरी झाला असेल.

"आत्या, फील्ड प्रोजेक्ट आहे. विषय घेतलाय गोदाघाटाचं सुशोभीकरण. शनिवारी येते तुझ्याकडे, दुपारपर्यंत सर्व्हे उरकते. सोमवारी सबमिशन."

"बरं. आणि पुढे काय?"

"पुढे काय म्हणजे? मार्क!"

हसू आलं. पण भाचीला दोष द्यावा असं वाटेना, कारण आपण शिकवलंय तसंच ती वागत होती. सर्वोच्च न्यायालयाच्या २००३ सालच्या आदेशानंतर पदवीच्या मुलांना पर्यावरण हा विषय सक्तीचा झाला. यूजीसीच्या त्या अभ्यासक्रमात क्षेत्रभेटीचा भाग होता: जवळच्या नदीवर जा, प्रदूषित जागा बघा, नोंदी करा. कल्पना उत्तम होती. प्रत्यक्षात काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. मागच्या वर्षीच्या ताईची फाईल आणायची, कव्हर बदलायचं, चार फोटो चिकटवायचे. 'निष्कर्ष' म्हणून लिहायचं की नागरिकांमध्ये जनजागृती होणे गरजेचे आहे. आजवर किती जनजागृती 'होणे गरजेचे' झाली असेल, देव जाणे! :)

आता नव्या शैक्षणिक धोरणानंतर महाराष्ट्रातल्या विद्यापीठांच्या पदवी आराखड्यात फील्ड प्रोजेक्ट आणि समाजाशी जोडून घेण्याचा उपक्रम यांना रीतसर क्रेडिट आहेत. म्हणजे फक्त आर्किटेक्चर आणि समाजकार्याची मुलं नाहीत, बी.कॉम. आणि बी.एस्सी.ची मुलंसुद्धा 'फील्ड'वर जाणार. नाशिकसारख्या कॉलेजांच्या गावात हा आकडा लहान नाही. दर वर्षी एवढी तरुण मंडळी वही-पेन घेऊन शहरात उतरणार असतील, तर शहराच्या पदरात त्यातून काय पडतं हा प्रश्न विचारायलाच हवा.

माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांची सोय होईल. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पाची किंमत त्यातल्या कल्पनेवरून ठरवू नये. मोजलं काय, दिलं कुणाला आणि परत कोण गेलं, या तीन प्रश्नांवरून ठरवावी. कल्पना सुचायला आपल्याकडे कधीच अडचण नव्हती. चहाच्या टपरीवर रोज दहा सुचतात.

तर त्या शनिवारी मी भाचीबरोबर घाटावर गेले. रामकुंडापासून खाली गाडगे महाराज पुलाच्या दिशेनं निघालो. तिच्याकडे वीस प्रश्नांचा छापील कागद होता. 'आपण या परिसराच्या स्वच्छतेबाबत समाधानी आहात का? अतिशय समाधानी, समाधानी, तटस्थ, असमाधानी...' वगैरे. द्रोणातले दिवे आणि फुलं विकणाऱ्या एका बाईंसमोर ती उकिडवी बसली आणि तिनं पहिला प्रश्न वाचला. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "पोरी, मागच्या साली बी दोघंजणं असंच लिहून घेऊन गेली. त्याचं काय झालं गं?"

भाची गप्प. मीही गप्प.

मग बाईंनीच आमची सुटका केली. म्हणाल्या, "लिहायचंच तर असं लिही. मी सकाळी सहाला येते, दिवेलागणीनंतर जाते. दिवसभर पाणी पीत नाही. पाणी प्यालं की जायला लागतं, आणि जायचं तर माल कुणाच्या भरवशावर टाकू?"

त्या कागदावर या उत्तरासाठी चौकोनच नव्हता. भाचीनं ते मागच्या पानावर 'इतर निरीक्षणे' म्हणून लिहिलं. त्या दिवसात ऐकलेली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट 'इतर'मध्ये गेली. आणि प्रश्न मोठा होता तो दुसराच: मागच्या वर्षीच्या कागदाचं काय झालं? घाटावरच्या माणसानं स्वतःच्या वेळेतली दहा मिनिटं दिली, आपलं दुखणं सांगितलं, आणि त्या बदल्यात काहीही परत आलं नाही. दोन-तीन वर्षं असं झालं की ती माणसं बोलायची बंद होतात. मग पुढच्या वर्षीची मुलं कितीही मनापासून आली तरी त्यांना "समाधानी" एवढंच उत्तर मिळतं. खराब प्रोजेक्ट निरुपद्रवी असतो असं आपण समजतो. तसं नाही. तो पुढच्या चांगल्या प्रोजेक्टच्या वाटेतला विश्वास खाऊन टाकतो.

आता कुणी म्हणेल, विद्यार्थ्यांकडून कसल्या अपेक्षा करताय, ती शिकायला आलीत. तर त्यासाठी बाहेरचं उदाहरण शोधायला नको, आपल्या नाशकातच मोठं उदाहरण घडून गेलंय.

२७ ऑगस्ट २००३. सिंहस्थातलं शाहीस्नान. काळाराम मंदिराकडून रामकुंडाकडे उतरणाऱ्या अरुंद रस्त्यावर चेंगराचेंगरी झाली आणि ३९ माणसं गेली. जुन्या नाशिककरांना ती सकाळ अजून आठवते. पुढचा सिंहस्थ २०१५चा. त्याच्या दीड-एक वर्ष आधी, जानेवारी २०१४मध्ये, 'कुंभथॉन' नावाचा प्रकार नाशकात सुरू झाला. अमेरिकेतल्या एमआयटी मीडिया लॅबचे प्राध्यापक रमेश रासकर त्याच्यामागे होते. ते मूळचे नाशिकचे, पुण्याच्या सीओईपीत शिकलेले. त्यांच्याबरोबर तिकडचे संशोधक आले, इथले इंजिनिअरिंगचे विद्यार्थी आले, शाळकरी मुलंसुद्धा आली. गर्दी, आरोग्य, राहण्याची सोय, अन्न, वाहतूक असे विषय घेऊन गट पडले.

त्यातली एक गोष्ट पुढे बरीच गाजली. नाशिकच्या एका शाळकरी मुलानं आणि त्याच्या सोबत्यांनी 'आशिओतो' नावाची चटई बनवली. जपानी भाषेत या शब्दाचा अर्थ पावलांचा आवाज. चटईवर पाय पडला की दाबाची नोंद होते. त्यावरून किती माणसं पुढे गेली ते मोजता येतं आणि गर्दी कुठे तुंबतेय हे बंदोबस्तावरच्या लोकांना वेळेत कळू शकतं. कुंभात अठरा तासांत पाच लाख माणसं मोजली, असं त्या मुलानं पुढे टेडच्या व्याख्यानात सांगितलं.

२०१५च्या सिंहस्थात चेंगराचेंगरी झाली नाही. ते चटयांमुळे झालं असं मी म्हणणार नाही. नवे घाट बांधले होते, पोलिसांचा बंदोबस्त होता, प्रशासनानं बरीच तयारी केली होती. श्रेय वाटायला बसलं तर यादी लांब होईल. पण मला त्यात दिसतात त्या तीनच गोष्टी. एक, मुलांनी 'गर्दीचं व्यवस्थापन व्हायला हवं' असा निबंध लिहिला नाही, पावलं मोजली. दोन, मोजलेलं कुणाला द्यायचं हे ठाऊक होतं, कारण समोर प्रशासन होतं, पोलीस होते आणि त्यांनाही ते हवं होतं. तीन, शिबिर एकदाच झालं नाही. काही महिन्यांच्या अंतरानं लोक पुन्हा पुन्हा एकत्र आले, केलेलं पुन्हा तपासलं, चुकलेलं दुरुस्त केलं. कुंभ संपल्यावर त्याच कामातून टीसीएस फाउंडेशनचं 'डिजिटल इम्पॅक्ट स्क्वेअर' हे केंद्र नाशकात उभं राहिलं. म्हणजे पंधरा-सोळा वर्षांची पोरंही शहराच्या उपयोगी पडतात, फक्त हे तीन धागे जुळायला हवेत.

कुंभथॉनवर माझा एक आक्षेपही आहे. तो कार्यक्रमावर कमी आणि आपल्या सगळ्यांच्या स्वभावावर जास्त आहे. बारा वर्षांतून एकदा येणारा पाहुणा आला की आपण घर आवरतो. रोज घरात राहणाऱ्यांचं काय? गोदाघाटावर दर बुधवारी बाजार भरतो. कांदे-बटाट्यापासून जुन्या हत्यारांपर्यंत सगळं मिळतं. रोज दशक्रियेला आलेली माणसं असतात, कपडे धुणाऱ्या बाया असतात, बाहेरगावचे यात्रेकरू असतात, दुपारी सावली शोधणारे म्हातारे असतात. बुधवारी त्या पायऱ्यांवरून किती पावलं जातात? कोणत्या वेळी? किती बायका, किती मुलं? त्यातल्या कितींना बसायला जागा मिळते? यासाठी एमआयटी नको. दोन मुलं, एक घड्याळ आणि एक वही पुरते.

आणि न मोजता केलेल्या सुधारणेचं काय होतं, याचा धडाही याच घाटावर आहे. २००३च्या सिंहस्थाच्या तयारीत कुंडांचे तळ काँक्रीटचे केले गेले. दिसायला स्वच्छ, चोपडं. पण कुंडांचे जिवंत झरे त्याखाली गेले अशी तक्रार सुरू झाली, आणि तेच काँक्रीट काढावं म्हणून नाशिककरांना न्यायालयाची पायरी चढावी लागली. आधी घालायचा खर्च, मग काढायचा. 'सुशोभीकरण' या शब्दाची मला थोडी धास्तीच वाटते ती म्हणून. शोभा आणण्याआधी तिथे काय चाललंय हे बघायला कुणी तयार नसतं.

बघणं हेसुद्धा शिकावं लागतं, आणि जगात हे शिकवणारी मोठी माणसं होऊन गेली. विल्यम व्हाइट नावाच्या लेखकानं १९७०च्या दशकात तरुण मदतनिसांना घेऊन न्यूयॉर्कमधले चौक आणि मोकळ्या जागा अक्षरशः तासन्‌तास बघितल्या, कॅमेरे लावून. काही चौक माणसांनी भरलेले आणि काही सुंदर असूनही ओस, असं का? १९८० साली त्याचं पुस्तक आलं. उत्तर इतकं साधं की हसू यावं: माणसं जिथे बसायला जागा असते तिथे बसतात. मग ऊन-सावली, झाड, पाणी, खायला काहीतरी आणि समोरून जाणारी माणसं. त्याच्या कामातून न्यूयॉर्कनं १९७५मध्ये अशा जागांचे नियम बदलले. आपल्या गावातल्या पाराला हे आधीपासून माहीत होतं, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. वर वडा-पिंपळाची सावली, टेकायला दगडी कट्टा, समोर रस्ता. फरक इतकाच, की व्हाइटनं ते मोजून दाखवलं, म्हणून नियमात आलं. आपण पार रस्तारुंदीत काढून टाकले आणि मग लोखंडी बाक विकत आणले. ते बाकही बऱ्याचदा भर उन्हात, नगरसेवकांचं नाव नीट दिसेल अशा बेतानं ठेवलेले.

दुसरं उदाहरण कोपनहेगनचं. तिथला स्ट्रॉयेट हा मुख्य रस्ता १९६२ साली गाड्यांना बंद केला. वास्तुकला शिकवणाऱ्या यान गेल यांनी विद्यार्थ्यांना घेऊन तिथली माणसं मोजली: किती चालतात, किती थांबतात, किती बसतात. १९६८ साली मोजली. मग १९८६ साली पुन्हा आणि १९९०च्या दशकात पुन्हा. वर्ग बदलला, मुलं बदलली, पण मोजणी तीच. त्यामुळे त्या शहराला आपल्या रस्त्यांबद्दल मत मांडावं लागत नाही, ते आकडे काढून दाखवतं. आपल्याकडे दर वर्षी नवा विषय शोधायचा आग्रह असतो. "हा विषय मागच्या वर्षी झाला" असं सांगून मुलांना परत पाठवतात. खरं तर मागच्या वर्षी झाला म्हणूनच या वर्षी करायला हवा!

आणि परदेशाचं कौतुक पुरे असं वाटत असेल तर घरातलंही सांगते. १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला, त्याचे पहिले प्राध्यापक पॅट्रिक गेडिस. स्कॉटलंडचे, पण आपल्याकडच्या शहरांत गल्लीगल्लीतून पायी फिरलेले. नकाशा काढण्याआधी चाला, बघा, लोकांशी बोला, असा त्यांचा आग्रह. होळकरांच्या इंदूरचा त्यांचा अहवाल १९१८ सालचा. तिथली गोष्ट सांगतात ती अशी. महाराजांनी त्यांना एका दिवसापुरतं 'महाराज' केलं. त्यांनी जाहीर केलं की दिवाळीची मिरवणूक नेहमीच्या मार्गानं जाणार नाही, ज्या वस्तीतल्या लोकांनी आपले रस्ते आणि घरं स्वच्छ केली असतील तिकडून जाणार. मग काय, गावभर झाडू फिरले. मला यातली गंमत अशी वाटते, की त्यांनी लोकांना स्वच्छतेवर भाषण दिलं नाही. लोकांना काय हवंय ते ओळखलं आणि काम त्यांच्याच हाती दिलं. गेडिस यांच्यानंतर १९२४ साली तो विभाग आपल्या गो. स. घुर्ये यांच्याकडे आला. म्हणजे त्या विभागाची सुरुवातच गल्लीत फिरणाऱ्या माणसापासून झालीय. फील्ड प्रोजेक्टची परंपरा आपल्याला परकी नाही, आपण ती फायलीत बांधून ठेवली.

'दिलं कुणाला' हा तिन्हींतला सगळ्यात अवघड प्रश्न, हे मला मान्य आहे. महापालिकेत अहवाल नेऊन दिला की आवक क्रमांकाचा शिक्का मिळतो आणि बहुतेक वेळा गोष्ट तिथेच संपते. शिवाय आपल्याकडे नगरसेवकांची मुदत मार्च २०२२मध्ये संपली आणि निवडणूक झाली ती थेट जानेवारी २०२६मध्ये. जवळजवळ चार वर्षं वॉर्डातलं गाऱ्हाणं ऐकायला निवडून आलेलं माणूसच नव्हतं. त्या काळात फाईल घेऊन फिरणाऱ्या मुलांनी जायचं कुठे? स्मार्ट सिटीचं घ्या. नाशिकचा नंबर २०१६मध्ये लागला, घाटासाठी 'प्रोजेक्ट गोदा' आला, आणि ती केंद्राची योजना मार्च २०२५मध्ये संपलीही. योजना येतात आणि जातात, अधिकारी बदलून जातात.

म्हणून माझं म्हणणं आहे की अहवाल फक्त वर पाठवू नये, खालीही द्यावा. ज्या माणसांना प्रश्न विचारले त्यांनाच आधी. एक पान, मराठीत, मोठ्या अक्षरात: आम्ही तुम्हाला हे विचारलं, तुम्ही हे सांगितलंत, आम्ही हे मोजलं. बाजारातल्या विक्रेत्यांच्या हातात असा कागद असला, की पुढच्या वेळी साहेबासमोर तो त्यांच्या कामी येतो. मुंबईत २०११च्या सुमारास 'राइट टू पी' मोहीम सुरू झाली ती याच प्रकारे. कार्यकर्त्या सार्वजनिक मुताऱ्या बघत फिरल्या आणि एक साधी गोष्ट पुढे आणली: पुरुषांना लघवीला पैसे पडत नाहीत, बायकांना पडतात. रोज सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं ते. पण नोंद झाली, पाहणी झाली, तेव्हा तो प्रश्न झाला. आमच्या घाटावरच्या बाईंचं 'इतर निरीक्षण' आठवा. दहा ठिकाणच्या शंभर बायकांनी तेच सांगितलेलं कागदावर असतं, तर ते 'इतर' राहिलं असतं का?

मुंबईच्याच 'पुकार' संस्थेनं तर एक पाऊल पुढे जाऊन वस्त्यांमधल्या तरुणांनाच संशोधक केलं. आपल्या वस्तीचा प्रश्न आपणच निवडायचा, आपणच विचारपूस करायची. पदवी असो वा नसो. त्यात एक गोष्ट आपोआप होते. प्रकल्प संपला तरी संशोधक तिथेच राहतो. "त्याचं काय झालं गं?" असं विचारणारी माणसं त्याला रोज दारात भेटतात.

'परत कोण गेलं' याचं आपलं नाशिकचं उदाहरण तर अगदी साधं आहे. विसर्जनाच्या दिवशी गोदाकाठी विद्यार्थी कृती समितीची मुलं उभी असतात. 'देव द्या, देवपण घ्या' म्हणत लोकांकडून गणपतीच्या मूर्ती मागून घेतात, नदीत जाऊ देत नाहीत. यात यंत्र नाही, ॲप नाही, पोस्टर प्रेझेंटेशन नाही. सुरुवातीला लोक भांडले असतील, 'तुम्ही कोण सांगणारे' म्हणाले असतील. पण मुलं पुढच्या वर्षी पुन्हा आली, त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. आता माणसं घरून निघतानाच मूर्ती द्यायच्या बेतानं निघतात, असं आमच्या ओळखीतली कितीतरी घरं आहेत. माझ्या मते शहर सुधारणं म्हणजे हे. एका जागी, एका दिवशी, दर वर्षी न चुकता उभं राहणं.

"पण अहो, शहर सुधारणं हे पालिकेचं काम, मुलांचं नाही," असं आमच्या घरातले ज्येष्ठ म्हणतात. बरोबर आहे. मुलांनी गटार उपसावं किंवा भिंती रंगवाव्यात असं मी म्हणतच नाहीये. उलट भिंती रंगवण्याचा मला कंटाळा आलाय. रंगवलेल्या भिंतीखाली कचरा तसाच असतो, फक्त फोटोत येत नाही. एनएसएस १९६९ साली गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात सुरू झाली. सेवा करता करता शिकणं हा तिचा हेतू. सात दिवसांच्या शिबिरातून आयुष्यभराची दृष्टी घेऊन आलेले लोक मी पाहिलेत, तेव्हा श्रमदानाला नावं ठेवायची नाहीत. पण विद्यार्थ्याकडे पालिकेकडे नसलेली एक गोष्ट असते: एका जागी बसून बघत राहायला वेळ. पालिकेच्या इंजिनिअरला दिवसभर पायरीवर बसून माणसं मोजता येत नाहीत. मुलांना येतात. तेवढंच मागावं आणि ते नीट करून घ्यावं.

कुणाला विषय हवे असतील तर नाशिकपुरते माझ्याकडे काही तयार आहेत. फुकट!

१. दुतोंड्या मारुती. गोदावरीला पूर आला की नाशिककर सेंटिमीटर विचारत नाहीत, मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलं ते विचारतात. २००८, २०१६ आणि २०१९च्या पुरात पाणी घाटालगतच्या कुठल्या दुकानात कुठल्या पायरीपर्यंत आलं, हे दुकानदारांना आणि रहिवाशांना विचारून खुणांचा नकाशा करता येईल. ही माणसं म्हातारी होताहेत. हा विषय थांबणारा नाही.

२. कारंजे. रविवार कारंजा, पंचवटी कारंजा ही नावं आपण रोज घेतो. त्या चौकांत आज पायी चालणाऱ्याला रस्ता ओलांडायला किती वेळ लागतो? आजीला किती आणि कॉलेजच्या पोराला किती? घड्याळ लावून बघा.

३. सिटीलिंकचे थांबे. ही बससेवा जुलै २०२१मध्ये सुरू झाली. आपल्या रोजच्या मार्गावरचे थांबे घ्या. मे महिन्यात दुपारी दोन वाजता कुठे सावली आहे, कुठे नाही, आणि माणसं प्रत्यक्षात कुठे उभी राहतात?

४. गोल्फ क्लब मैदान, म्हणजे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. तिथल्या जॉगिंग ट्रॅकवर पहाटे पाच ते रात्री नऊ, दर तासाला किती पुरुष, किती बायका? बायका किती वाजता यायच्या थांबतात, आणि तिथे दिवे कसे आहेत?

५. बुधवारचा बाजार. वर लिहिलंच आहे.

यात एकही विषय दोन दिवसांत उरकत नाही. म्हणून शिक्षकांनाही एक विनंती आहे. मुलांना दर वर्षी अख्खं शहर देऊ नका, दोनशे पावलांची एकच जागा द्या. कॉलेजच्या नावावर ती जागा दहा वर्षं लावून टाका. प्रत्येक नव्या वर्गानं आधीच्या वर्गाची वही वाचायची, तीच मोजणी पुन्हा करायची, वर एक प्रश्न आपला घालायचा, आणि तिथल्या माणसांना आधी मागच्या वर्षीचं उत्तर द्यायचं. "तुम्ही सांगितलं होतं ते इथे इथे दिलं, एवढं झालं, एवढं झालं नाही." झालं नाही हेसुद्धा सांगायचं. लोकांना नकार चालतो, गायब होणं चालत नाही. आणि व्हायवात एकच प्रश्न विचारा: परत कधी गेला होतात?

हे आता लिहायचं कारण २०२६-२७चा सिंहस्थ. या निमित्तानं नाशकात पुन्हा पाहण्या, स्पर्धा, आराखडे, ॲपं यांचा पूर येणार हे सांगायला ज्योतिषी नको. ते यायलाही हवेत, २००३ पुन्हा व्हायला नको. गर्दीच्या दिवसांसाठी केलेलं काम गर्दी ओसरल्यावर रोजच्या माणसाच्या उपयोगी पडेल का, एवढं विचारणारी चार मुलं प्रत्येक गटात असली तरी पुष्कळ. पर्वणीसाठी उभारलेल्या सोयींपैकी घाटावर रोज बसणाऱ्या बायकांच्या वाट्याला काय उरलं, ही मोजणी कुणीतरी सिंहस्थ संपल्यावर सहा महिन्यांनी करायला हवी. त्याला टेडचं व्याख्यान मिळणार नाही. क्रेडिट मात्र मिळू शकतात.

नातेवाइकांपैकी जे हे वाचताहेत, त्यांनी घरातल्या कॉलेजकुमारांना ते तीन प्रश्न जरूर विचारावेत. आणि ब्लॉगवाल्या मित्रमैत्रिणींनो, तुमच्या गावात विद्यार्थ्यांनी सुरू केलेलं असं एखादं काम दहा वर्षांनीही चालू असेल, मग ते एखाद्या नळकोंडाळ्याचं असो की एका झाडाच्या पाराचं, तर मला कळवा. त्यांची यादी करायची माझी इच्छा आहे. दर वर्षी ती तपासून बघेन म्हणते.